संदर्भ अडतो कुठे आणि बिघडतो कुठे

संकेतस्थळावरचा लेख वाचता वाचता ब्राउझरमधले एक बटण दाबावे आणि लेखक, शीर्षक, नियतकालिक, खंड, अंक, पृष्ठे, वर्ष असा सगळा तपशील आपल्या संदर्भसंग्रहात जाऊन बसावा, ही सोय आता संशोधकांच्या अंगवळणी पडली आहे. झोटेरो हे या कामाचे मुक्त आणि मोफत सॉफ्टवेअर २००६ साली अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झाले. तेव्हा ते फायरफॉक्स ब्राउझरचे एक एक्सटेन्शन होते, पुढे ते संगणकावर स्वतंत्रपणे चालू लागले. मेंडली २००८ मध्ये आले आणि २०१३ मध्ये एल्सव्हियरने ते विकत घेतले. एंडनोट या दोघांहून जुने. तिघांची रचना वेगवेगळी असली तरी संकेतस्थळावरून नोंद उतरवून घेण्याचे तत्त्व एकच आहे आणि त्यात होणारे बिघाडही एकाच जातीचे आहेत. पुढील विवेचन मुख्यतः झोटेरोच्या आधाराने केले आहे, कारण त्याचे काम कसे चालते हे कोणालाही उघडून पाहता येते.

बिघाडांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात नोंद येतच नाही: बटण करडे पडते, लाल फुली दिसते, संदेश येतो. दुसऱ्या वर्गात नोंद येते, पण चुकीची येते. लेखकाचे नाव उलटे पडते, संस्थेचे आडनाव होते, शके इसवी सन म्हणून बसते. मदत मागणारे बहुतेक जण पहिल्या वर्गातली तक्रार घेऊन येतात. माझ्या मते खरा धोका दुसऱ्या वर्गात आहे. अडलेली नोंद संशोधकाला लगेच कळते आणि तो ती हाताने भरतो. बिघडलेली नोंद मात्र कोणाच्या लक्षात न येता प्रबंधाच्या संदर्भसूचीपर्यंत जाते, तिथून दुसऱ्याच्या प्रबंधात जाते आणि मूळ ग्रंथ शोधायला निघालेल्या तिसऱ्या माणसाला तो सापडत नाही. मराठी साधनांवर काम करणाऱ्यांच्या वाट्याला हा दुसरा वर्ग फार मोठ्या प्रमाणात येतो. त्याची कारणे समजून घेतली की उपाय आपोआप दिसू लागतात.

नोंदीचा प्रवास

संकेतस्थळापासून संदर्भसूचीपर्यंत नोंद चार टप्प्यांतून जाते. बिघाड यांपैकी कोणत्या टप्प्यावर झाला हे ठरवल्याशिवाय उपाय करणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय.

पहिला टप्पा म्हणजे पानाने स्वतःविषयी दिलेली माहिती. वाचकाला पडद्यावर जे दिसते त्यामागे पानाचा सोर्स असतो आणि त्याच्या वरच्या भागात मेटा टॅग असतात. संशोधनपत्रिकांसाठी सर्वात उपयोगी टॅग ‘सायटेशन’ या शब्दाने सुरू होतात. शीर्षकासाठी एक, प्रत्येक लेखकासाठी एक, नियतकालिक, खंड, अंक, पहिले पान, शेवटचे पान आणि पीडीएफचा पत्ता यांसाठी एकेक. १९९५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात सुरू झालेल्या हायवायर प्रेसच्या नावाने हे टॅग ओळखले जातात आणि गुगल स्कॉलरही तेच वाचते. दुसरी पद्धत डब्लिन कोअरची, ती ग्रंथालयांच्या जगातून आली. तिसरी ओपन ग्राफची. ती फेसबुकने समाजमाध्यमांवर पानाचे शीर्षक आणि चित्र नीट दिसावे म्हणून काढली. तिच्यात खंड, अंक, पृष्ठे यांना जागाच नाही. वृत्तपत्रे आणि साहित्यिक नियतकालिके यांच्या संकेतस्थळांवर बहुधा एवढी तिसरी पद्धतच असते. त्यामुळे तिथून आलेल्या नोंदीत शीर्षक आणि पत्ता सोडून फारसे काही नसते. सॉफ्टवेअर हातचे राखते असे समजू नये. त्याला वाचायला मिळाले तेवढेच ते देते.

दुसरा टप्पा ट्रान्सलेटरचा. झोटेरोत जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले शेकडो छोटे प्रोग्रॅम असतात, त्यांना ट्रान्सलेटर म्हणतात. जेएसटीओआरसाठी एक, पबमेडसाठी एक, मोठ्या वृत्तपत्रांसाठी वेगवेगळे. प्रत्येक ट्रान्सलेटर पानाचा पत्ता पाहून ‘हे पान माझे आहे का’ ते ठरवतो. प्रत्येकाला प्राधान्याचा एक आकडा असतो आणि लहान आकडा आधी धरला जातो. विशिष्ट संकेतस्थळासाठी लिहिलेल्यांना साधारणपणे १०० हा आकडा असतो. कोणत्याही पानावर चालणारे सर्वसाधारण ट्रान्सलेटर बरेच मागे असतात: मेटा टॅग वाचणारा, पानावर डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी ओळखक्रमांक) शोधणारा आणि तत्सम. विशिष्ट ट्रान्सलेटर नसेल तर सर्वसाधारण काम करतो. तोही नापास झाला तर पान नुसते ‘वेब पेज’ म्हणून साठवले जाते.

तिसरा टप्पा वाहतुकीचा. ब्राउझरमधला कनेक्टर (म्हणजे ते बटण पुरवणारे एक्सटेन्शन) आणि संगणकावरचे झोटेरो हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत आणि ते संगणकाच्या आतल्या आत २३११९ या पोर्टवरून बोलतात. याच टप्प्यावर पीडीएफही उतरवून घेतली जाते आणि ती ज्याच्या परवानगीने मिळते ते सदस्यत्व, लॉग-इन, प्रॉक्सी हे सगळे मध्ये येते.

चौथा टप्पा संग्रहातले रकाने आणि संदर्भशैली यांचा. रकान्यात जे असते ते शैलीच्या नियमांनुसार मांडले जाते. संदर्भसूचीत दिसणारी चूक रकान्यातली आहे की शैलीची, हा भेद इथे करावा लागतो.

बटणावरचे चिन्ह काय सांगते

तपासाची सुरुवात बटणापासून करावी. कनेक्टरच्या बटणावरचे चिन्ह पानानुसार बदलते. लेखाच्या पानावर लेखाचे चिन्ह, ग्रंथाच्या पानावर ग्रंथाचे, शोधाच्या यादीवर फोल्डरचे. करडे वेब पेजचे चिन्ह दिसले तर कोणत्याही ट्रान्सलेटरने पान आपले मानलेले नाही, म्हणजे बिघाड पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यावर आहे. एकट्या लेखाच्या पानावर फोल्डरचे चिन्ह दिसले तर सावध व्हावे. अशा वेळी बहुधा डीओआय शोधणारा ट्रान्सलेटर पुढे आलेला असतो आणि त्याने लेखाखालच्या संदर्भसूचीतले सगळे डीओआय गोळा केलेले असतात. यादीतून घाईने पहिली नोंद निवडली की भलताच लेख संग्रहात येतो.

बटणावर उजवी क्लिक केली की त्या पानासाठी उपलब्ध असलेले पर्याय दिसतात: विशिष्ट ट्रान्सलेटर, एम्बेडेड मेटाडेटा (म्हणजे मेटा टॅग वाचणारा सर्वसाधारण ट्रान्सलेटर), डीओआय, साधे वेब पेज. निदानासाठी याहून चांगले साधन नाही, आणि ते फार थोड्यांना माहीत असते. विशिष्ट ट्रान्सलेटरने नोंद अडली पण एम्बेडेड मेटाडेटाने नीट आली, तर पान ठीक आहे आणि ट्रान्सलेटर जुना झाला आहे. प्रकाशकाने संकेतस्थळाची रचना बदलली की असे हमखास होते. दोन्हींनी अर्धवट आली तर पानच अपुरे आहे.

खात्री करायची असेल तर पानाचा सोर्स उघडून त्यात ‘सायटेशन’ हा शब्द इंग्रजीत शोधावा. एकही टॅग सापडला नाही तर पुढचा सगळा शोध थांबवावा, कारण प्रोग्रॅम पुन्हा टाकून, ब्राउझर बदलून किंवा संगणक बंद-चालू करून जे पानात नाही ते येणार नाही. टॅग सापडले तर ते वाचावेत. तिघा लेखकांची नावे स्वल्पविराम देऊन एकाच टॅगमध्ये कोंबलेली दिसली की संग्रहात तिघांचा मिळून एकच लेखक का झाला याचे उत्तर तिथल्या तिथे मिळते.

अडलेल्या नोंदी

या वर्गातील बहुतेक बिघाड तिसऱ्या टप्प्यावरचे असतात आणि ते थोडक्यात सांगता येतात. झोटेरो चालूच नसेल तर कनेक्टर तसे सांगतो किंवा नोंद ऑनलाइन संग्रहात ठेवू का असे विचारतो. झोटेरो चालू असूनही तोच संदेश येत असेल तर अँटिव्हायरस, फायरवॉल किंवा व्हीपीएन २३११९ पोर्ट अडवत आहे असे समजावे. सरकारी किंवा विद्यापीठाच्या संगणकांवर हे वारंवार आढळते आणि तिथे संगणक विभागाकडूनच परवानगी मिळवावी लागते. पानाचा मजकूर हळूहळू येत असेल तर बटण मजकुराच्या आधीच ठरून जाते. पान पूर्ण आल्यावर रिफ्रेश केले की चिन्ह बदलते. ट्रान्सलेटर जुने असतील तर कनेक्टरच्या आणि झोटेरोच्या सेटिंगमधून ते ताजे करता येतात.

नोंद आली पण पीडीएफ आली नाही, ही तक्रार फार ऐकू येते. तिचे मूळ जवळजवळ नेहमी परवानगीत असते. ज्या ब्राउझरमध्ये लॉग-इन केले आहे त्याच ब्राउझरमधून बटण दाबले पाहिजे. प्रकाशकाने ‘तुम्ही यंत्र नाही ना’ अशी परीक्षा मध्ये ठेवली असेल तर ती आधी हाताने पार करावी लागते. गुगल स्कॉलरवर एका दमात खूप नोंदी उचलल्या तर हीच परीक्षा समोर येते. शिवाय गुगल स्कॉलर देत असलेल्या नोंदी बऱ्याचदा त्रोटक असतात, लेखक जास्त असतील तर ‘आणि इतर’ म्हणून काम भागवलेले असते. तिथे लेख शोधावा आणि नोंद प्रकाशकाच्या पानावरून घ्यावी, हा नियम प्रत्येक मार्गदर्शकाने पहिल्याच दिवशी सांगायला हवा.

प्रॉक्सीचा मुद्दा थोडा वेगळा आहे. ग्रंथालयाच्या प्रॉक्सीतून गेल्यावर संकेतस्थळाच्या पत्त्याला ग्रंथालयाचे शेपूट जोडले जाते. ट्रान्सलेटर पत्ता पाहूनच पान ओळखत असल्यामुळे त्याला ते परके वाटते. कनेक्टर बहुतेक प्रॉक्सी स्वतःहून ओळखतो. न ओळखल्यास त्याच्या सेटिंगमधील प्रॉक्सीच्या यादीत ती भरावी लागते.

आणखी एक सवय मोडायला हवी. पुष्कळ जण थेट पीडीएफ उघडून तिच्यावर बटण दाबतात. पीडीएफ दाखवणाऱ्या पानात मेटा टॅग नसतात, त्यामुळे तिथून फक्त फाइल येते. मग झोटेरो पीडीएफची पहिली काही पाने वाचून डीओआय, आयएसबीएन किंवा शीर्षकावरून ती ओळखण्याचा प्रयत्न करते. इंग्रजी संशोधनपत्रिकेच्या बाबतीत हे बहुधा साधते. मराठी पीडीएफच्या बाबतीत सहसा साधत नाही. डीओआय नसतो, आणि मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेला असेल तर पडद्यावर स्वच्छ मराठी दिसत असूनही आतली अक्षरे रोमन चिन्हांची खिचडी असते. त्या पीडीएफमधली एक ओळ निवडून दुसरीकडे चिकटवून पाहिली की खात्री पटते. स्कॅन केलेल्या पुस्तकात तर मजकूरच नसतो, नुसती चित्रे असतात. दोन्ही ठिकाणी लेखाच्या माहितीच्या पानावर परत जाणे हाच मार्ग.

बिघडलेल्या नोंदी

आता मुख्य विषयाकडे येऊ. नावांपासून सुरुवात करतो, कारण चुकांचा सर्वात मोठा ढीग तिथे आहे.

टॅगमध्ये आडनावानंतर स्वल्पविराम नसेल तर झोटेरो शेवटचा शब्द आडनाव म्हणून घेते आणि उरलेले नाव म्हणून. ‘धोंडो केशव कर्वे’ यात काही बिघडत नाही. ‘साने गुरुजी’ यात गुरुजी हे आडनाव होते आणि संदर्भसूचीत ‘गुरुजी, साने’ असे छापले जाते, तेही ‘स’ऐवजी ‘ग’मध्ये. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचे आडनाव तर्खडकर, पण ग्रंथावर अनेकदा ते नसते. मग वडिलांचे नाव आडनावाच्या रकान्यात जाते. कुसुमाग्रज, ग्रेस, लोकहितवादी ही एकशब्दी नावे एकाच रकान्यात जायला हवीत. नावाच्या पुढे लावलेले ‘डॉ.’ किंवा ‘प्रा.’ पहिल्या नावाचा भाग होऊन बसते आणि आद्याक्षरे घेणाऱ्या शैलीत नावाच्या आधी पदवीचे अक्षर येते.

संस्थांची गत याहून वाईट होते. महाराष्ट्र राज्य मराठी विश्वकोश निर्मिती मंडळ ही संस्था लेखक म्हणून आली की ‘मंडळ’ हे तिचे आडनाव ठरते. सूचीत ‘मंडळ, महाराष्ट्र राज्य मराठी विश्वकोश निर्मिती’ असे दिसते. परीक्षकाच्या नजरेतून ते सुटले तर नवल नाही, कारण मराठी सूचीत आडनाव आधी येण्याची त्याच्या डोळ्यांना सवय असते. उपाय साधा आहे: नावाच्या रकान्याशेजारचे चिन्ह दाबून दोन रकान्यांचा एक रकाना करावा आणि पूर्ण नाव त्यात ठेवावे. एकेरी नावे, संतनामे, ‘साने गुरुजी’सारखी रूढ नावे आणि सर्व संस्था यांना हाच उपाय लागू पडतो.

विश्वकोशाची आणखी एक अडचण आहे. विश्वकोशातील नोंदीच्या शेवटी ती लिहिणाऱ्याचे नाव छापण्याची पद्धत आहे. वाचकाला ते दिसते. पण नाव मजकुरातच असेल आणि टॅगमध्ये नसेल तर सॉफ्टवेअरला ते दिसण्याचा मार्ग नाही. अशी नोंद लेखकाविना येते किंवा संकेतस्थळाचे नाव लेखकाच्या जागी येते. तज्ज्ञाने मेहनतीने लिहिलेली नोंद निनावी होऊन उद्धृत होते, हे मला अन्यायाचे वाटते. तिथे नोंदीचा प्रकार बदलून ‘विश्वकोशातील लेख’ करावा, लेखक शेवटून उचलून भरावा आणि खंड व प्रमुख संपादक यांचे रकाने हाताने पूर्ण करावेत.

नोंदीचा प्रकार हा स्वतंत्र दोष आहे. वर्डप्रेसवर चालणारे संकेतस्थळ सर्वसाधारण ट्रान्सलेटर ‘ब्लॉग पोस्ट’ म्हणून धरतो. आज अनेक मराठी नियतकालिके वर्डप्रेसवर आहेत, त्यामुळे वैचारिक मासिकातला दीर्घ लेख संग्रहात ब्लॉग पोस्ट होतो आणि त्याला खंड व अंक यांचे रकानेच मिळत नाहीत. प्रकार आधी बदलावा, मग रकाने भरावेत. क्रम उलटा केला तर प्रकार बदलताना नव्या प्रकारात नसलेल्या रकान्यांतला मजकूर जातो. बदलण्यापूर्वी झोटेरो विचारते, ते वाचूनच होकार द्यावा.

तारखांकडे विशेष लक्ष हवे. देवनागरी आकड्यांत लिहिलेले वर्ष झोटेरोला वर्ष म्हणून कळत नाही, ते फक्त इंग्रजी आकडे जाणते. तारखेच्या रकान्याच्या उजव्या टोकाला बारीक अक्षरांत वर्ष, महिना, दिवस यांची इंग्रजी आद्याक्षरे दिसतात. ती दिसली नाहीत तर तारीख कळलेली नाही असे समजावे. त्या नोंदीचे वर्ष कालक्रम लावताना धरले जात नाही आणि ती भलत्या जागी जाते. तारखेच्या रकान्यात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, इंग्रजी आकड्यांत, मध्ये आडव्या रेघा देऊन लिहिणे सर्वात सुरक्षित.

शकाचा दोष मात्र ती आद्याक्षरेही पकडत नाहीत. जुन्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ‘शके १८२०’ असेल आणि कोणी तालिकेत इंग्रजी आकड्यांत नुसते १८२० भरले असेल, तर झोटेरो ते बिनतक्रार इसवी सन म्हणून स्वीकारते. ग्रंथ १८९८-९९ चा. सूचीत तो ७८ वर्षे आधीचा होतो. मराठी मुद्रणाच्या इतिहासात ७८ वर्षे म्हणजे केवढा पल्ला, हे त्या क्षेत्रात काम करणाऱ्याला सांगायला नको. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवावेत, जानेवारीपासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंत ७९. महिना माहीत नसेल तर दोन्ही वर्षे नोंदवावीत आणि मुखपृष्ठावरचा शक ‘एक्स्ट्रा’ या रकान्यात जसाच्या तसा ठेवावा, म्हणजे पुढे कोणालाही ताळा करता येईल.

आयएसबीएन भरून ग्रंथाची नोंद आणणे सोयीचे आहे, पण तिथे लिपीचा प्रश्न येतो. लायब्ररी ऑफ काँग्रेससारखी अमेरिकी ग्रंथालये मराठी ग्रंथ रोमन लिपीत नोंदवतात, अक्षरांवर आडव्या रेघा आणि खाली टिंबे देऊन. देवनागरी शीर्षक त्यांच्या तालिकेत असले तरी ते मार्क या ग्रंथालयीन नोंदपद्धतीतल्या ८८० क्रमांकाच्या वेगळ्या रकान्यात असते आणि आयात होताना बहुधा मागे राहते. त्यामुळे एकाच लेखकाची निम्मी पुस्तके देवनागरीत आणि निम्मी रोमन लिपीत येतात, आणि सूचीत त्याचे दोन लेखक होतात. इंग्रजी प्रबंधाला रोमन रूप योग्यच आहे, मराठी प्रबंधाला देवनागरी. दोन्हींची सरमिसळ मात्र कुठेच चालत नाही. रोमन रूप ठेवायचे असेल तर भाषेच्या रकान्यात मराठीचा ‘एम-आर’ हा संकेत भरावा. तो रिकामा राहिला तर शब्दांची पहिली अक्षरे मोठी करणारी शैली मराठी शीर्षकालाही इंग्रजीचे नियम लावते.

युनिकोडमधला एक बारकावा इथे नोंदवलाच पाहिजे, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. ‘वाऱ्यावरची वरात’ या शीर्षकातले ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकता येते: खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरून, किंवा साधा ‘र’, हलंत आणि त्यानंतर रुंदी नसलेले एक जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे. यंत्राला ते दोन वेगळे शब्द. तसेच ‘ॲ’ हे २००८ मध्ये युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आले. त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र जोडलेला असे. परिणाम असा की एकाच ग्रंथाच्या दोन संकेतस्थळांवरून आलेल्या दोन नोंदी दुहेरी म्हणून ओळखल्या जात नाहीत, आणि शोधाच्या चौकटीत एक रूप टंकले की दुसरे सापडत नाही. शोध लागत नसेल तर शीर्षकातला असे अक्षर नसलेला शब्द शोधावा. मोठा संग्रह असेल तर एक रूप ठरवून सगळे तसे करून घ्यावे.

शोधगंगेबद्दलही लिहायला हवे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे हे भांडार भारतीय प्रबंधांसाठी अनमोल आहे. तिथे एकेका प्रबंधाच्या मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, प्रकरणे अशा वेगवेगळ्या पीडीएफ असतात. एखाद्या प्रकरणाच्या पीडीएफवरून नोंद घ्यायला गेले तर प्रबंध येत नाही, फाइल येते. नोंद नेहमी प्रबंधाच्या मुख्य पानावरून घ्यावी. आल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात: प्रकार ‘प्रबंध’ लागला आहे का, मार्गदर्शकाचे नाव लेखकांत शिरलेले नाही ना, आणि दिसणारी तारीख पदवीची आहे की फाइल चढवल्याची. प्रत्येक प्रबंधाला १०६०३ या अंकाने सुरू होणारा हँडल क्रमांक असतो. तो डीओआयसारखा दिसतो, पण ‘ओळखक्रमांकाने नोंद आणा’ या सोयीत तो चालत नाही. तिथे डीओआय, आयएसबीएन, पबमेड क्रमांक असे ठरावीक प्रकारच धरले जातात. हँडलचा पूर्ण पत्ता यूआरएलच्या रकान्यात ठेवावा, कारण संकेतस्थळाची रचना बदलली तरी तो टिकावा अशीच त्याची योजना आहे.

फाइलमधून आणताना

काही संकेतस्थळे नोंद आरआयएस किंवा बिबटेक फाइलच्या रूपात देतात. आरआयएसची मांडणी कडक आहे: प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरांची खूण, दोन मोकळ्या जागा, आडवी रेघ, एक मोकळी जागा. नोंदीची पहिली ओळ प्रकाराची आणि शेवटची समाप्तीची. ही फाइल वर्डमध्ये उघडून दुरुस्त करण्याचा मोह टाळावा. वर्ड रेघा आणि अवतरणचिन्हे आपल्या पद्धतीने बदलतो आणि नोंद वाचता येईनाशी होते. नोटपॅडसारखा साधा संपादक वापरावा आणि जतन करताना यूटीएफ-८ निवडावे. एंडनोटमध्ये आयात करताना ‘टेक्स्ट ट्रान्सलेशन’ या पर्यायात यूटीएफ-८ निवडले नाही तर देवनागरीच्या जागी चित्रविचित्र रोमन अक्षरांची रांग येते. अशी रांग दिसली की मजकूर नष्ट झाला असे समजू नये. मूळ फाइल शाबूत असते, वाचण्याची पद्धत चुकलेली असते.

बिबटेकमध्ये लेखकांची नावे इंग्रजी ‘अँड’ या शब्दाने वेगळी केलेली असावी लागतात. मराठी संकेतस्थळावर तिथे ‘आणि’ किंवा नुसता स्वल्पविराम सापडतो, आणि मग पुन्हा दोघांचा एक लेखक होतो.

दुरुस्ती कुठे करावी

संदर्भसूचीत चूक दिसली की पुष्कळ जण ती वर्डच्या फाइलमध्येच खोडतात. पुढच्या वेळी सूची ताजी झाली की चूक परत येते. दुरुस्ती संग्रहातल्या रकान्यातच करावी. चूक रकान्यातली की शैलीची हे कळत नसेल तर तीच नोंद दुसऱ्या शैलीत पाहावी. दोन्हींत चूक असेल तर रकाना तपासावा, एकीतच असेल तर शैली.

ट्रान्सलेटर मोडला असल्याची खात्री झाल्यावर तो कळवणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्य आहे. कनेक्टरच्या सेटिंगमधून डीबग नोंद चालू करावी, बिघाड पुन्हा घडवावा आणि मिळालेला क्रमांक पानाच्या पत्त्यासह झोटेरोच्या मंडळींना द्यावा. ट्रान्सलेटर गिटहबवर सर्वांसाठी खुले आहेत आणि थोडेसे जावास्क्रिप्ट येणारा विद्यार्थी एखाद्या मराठी संकेतस्थळासाठी नवा लिहू शकतो.

परंतु मराठी साधनांचा बराचसा त्रास पहिल्याच टप्प्यावरचा आहे, आणि तो वाचकाने कितीही खटपट केली तरी मिटणारा नाही. तो नियतकालिकाच्या संपादकाने मिटवायचा आहे. ओपन जर्नल सिस्टिम्स ही मोफत प्रणाली वापरणाऱ्या पत्रिकांना हे टॅग आपोआप मिळतात. संपादकाने अर्जातले रकाने नीट भरायचे एवढेच उरते. वर्डप्रेस वापरणाऱ्यांनी संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला प्रत्येक लेखाच्या पानावर शीर्षक, लेखक, नियतकालिकाचे नाव, अंक, तारीख आणि पीडीएफचा पत्ता यांचे टॅग घालायला सांगावे. प्रत्येक लेखकासाठी वेगळा टॅग हवा, त्यात आडनाव आधी आणि मग स्वल्पविराम. नावाला पदवी जोडू नये. तारीख इंग्रजी आकड्यांत, वर्ष आधी. आणि दिवाळी अंक असेल तर ‘दिवाळी’ हा शब्द तारखेत न घालता अंकाच्या टॅगमध्ये घालावा.